पाठक सरांची झुरळं

लोक शेजारी विरजण मागायला जातात. पाठक सर आमच्याकडे झुरळं मागायला येत. रोज दुपारी चारला, हातात लोणच्याची रिकामी बरणी.

"काकू, निघतील का दोन-चार? जिवंत पाहिजेत."

सून आतून ओरडायची, "मम्मीजी, बिच्छूवाले अंकल आ गए!" त्यांना ऐकू जायचं. त्यांना राग येत नसे.

विजय नगरात आमच्यापासून चौथं घर त्यांचं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, आता रिटायर. लग्न केलं नाही. मागच्या खोलीत चाळीस लाल विंचू, प्रत्येकाला वेगळा डबा. झुरळं विंचवांच्या जेवणाला. आमच्या मोरीत झुरळांना तोटा नव्हता. सर उकिडवे बसत, एकेक पकडत, मग चहा घेत आणि बरणी सांभाळत घरी जात. सहा वर्षं हे चाललं. मोरीतली झुरळं काही कमी झाली नाहीत, याचं मला नवल वाटे.

एकदा मी विचारलं, "सर, हे विंचू काहून पाळून राहिले तुम्ही?"

"मजा अशी आहे, काकू," ते म्हणाले. त्यांचं सगळंच असं सुरू होई. दाढ किडली तेव्हाही गाल धरून, "मजा अशी आहे, काकू, दाढ किडली."

मजा अशी होती, की आपल्या अंगातल्या प्रत्येक नसेला बारीक दारं असतात. डोळ्यांना न दिसणारी. त्यांतून मिठाचे कण आत-बाहेर करतात, म्हणून बोट हलतं, दुखतं, छाती धडधडते. विंचवाच्या विषात शेकडो बारके तुकडे असतात. एखादा तुकडा असा, की नेमक्या एकाच दारात जाऊन बसतो.

"दार अडलं की पाहायचं, घरात काय बिघडलं. मग कळतं ते दार कशाचं होतं. एवढ्या बारीक दाराला हात लावायला माणसाकडे बोटं नाहीत, काकू. विंचवाकडे आहेत."

नांगीला बॅटरीचा हलका झटका देऊन ते थेंब काढत, वाळवत आणि बाहेरगावी त्यांच्या जुन्या मित्राच्या प्रयोगशाळेत पाठवत. मी चौथी शिकलेली बाई. पण दार कळतं मला.

एका दुपारी त्यांनी विंचू दाखवायला नेलं. खिडक्या बंद केल्या, जांभळ्या उजेडाची बॅटरी लावली. अंधारात सगळे विंचू हिरवे-निळे उजळले. नर्मदेच्या तळाशी कोणी दिवे सोडावेत तसे. एकीच्या पाठीवर पांढरी पिल्लं होती, एकमेकांना चिकटून. मी विंचू दिसला की चप्पल उचलणारी बाई, पण तिथून हलले नाही. घरी येऊन आडवी झाले. कूलर घरघरत होता. अंगातली लाखो दारं हळूच उघडताहेत, मिटताहेत, असं वाटत राहिलं. तशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

आणि या मे महिन्यात घोळ झाला. सर बरणी घेऊन गेले आणि मी मोरीत भांडी ठेवायला वाकले. कडेला पांढरी रेघ.

"हे काय गं?"

"झुरळं मारायचा खडू, मम्मीजी. सुबह लगाया."

विषारी झुरळं माझ्याच मोरीतून गेली होती. चाळीस विंचू, ती पिल्लं, त्या माणसाची सहा वर्षं. गुडघे दुखतात म्हणून मी सहसा गेटापर्यंतही जात नाही. त्या दिवशी उन्हात चौथ्या घरापर्यंत पळाले.

"सर! खाऊ घालू नका! खडू लावलाय!"

सर मागच्या अंगणात नालीपाशी वाकले होते. बरणी उपडी. आमची झुरळं एकेक करून नालीत उतरत होती. ती नाली आमच्याच मोरीमागून येते.

बाजूला जाळीचं पिंप होतं, त्यात गाजराचे तुकडे, आणि निदान दोनशे धष्टपुष्ट झुरळं.

"ही तुमची?"

"घरचीच. विंचवांना हीच देतो." ते जमिनीकडे बघत होते. "स्वयंपाकघरातलं झुरळ मी विंचवाला कसं देईन, काकू? खडूतलं औषध नसेच्या दारात पाय अडकवतं, दार मिटतच नाही. विंचू तडफडून मरेल."

"मग सहा वर्षं माझी काहून नेत होते?"

"मजा अशी आहे, काकू," म्हणाले आणि थांबले. पुढे मजा सापडेना. मग म्हणाले, "कामाशिवाय कोणाच्या घरी कसं जायचं?"

"आणि परत माझ्याच मोरीत सोडत होते?"

"संपली असती तर?"

मला असा राग आला, की काय सांगू. सहा वर्षं मी मोरी घासून राहिले. मी म्हटलं, "चला."

"कुठे?"

"चला म्हटलं ना."

घरी आणून त्यांना खुर्चीवर बसवलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं. ताटात दोन किलो तांदूळ ओतले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले.

"खडे निवडा. उद्या डाळ आहे."

सरांनी चष्मा पुसला आणि एकेक दाणा सारत बसले. ऊन भिंतीवरून उतरलं, चहा दोनदा झाला, ते निवडतच होते. तांदूळ पाकिटातला होता. त्यात एकही खडा नव्हता.