पुलापलीकडची बिदाई

लग्नाची शूटिंग कशी पाहिजे, हे आपल्यालाच कळतं अशी नलिनीबाईंची खात्री होती. म्हणून पांढुर्ण्यातल्या प्रफुल्लच्या स्टुडिओत त्या स्वतः गेल्या. नवरा भगवंतराव सोबत होते, पण ते फक्त पंख्याखाली बसायला!

"काकू, साधी शूटिंग घेतली तर आहेरवाला, जेवणारा, सगळे दिसतात," प्रफुल्ल म्हणाला. "कँडिडमध्ये आम्ही कवा काढलं ते तुम्हाले समजतच नाही. अन् सिनेमॅटिक म्हणजे डायरेक्ट पिक्चर!"

नमुन्याच्या पिक्चरमध्ये नवरीची गाडी लांबच लांब रस्त्यानं जात जात ठिपका झाली. फाटकात आई तोंडाला पदर लावून उभी. नलिनीबाईंचे डोळेच भरले. दामिनी एकुलती एक! तिची बिदाई अशीच झाली पाहिजे!

"हेच पाहिजे! यातलं काही सोडू नको!"

पंख्याखालून आवाज आला, "अवं, पोरगी सावरगावले चालली. पूल ओलांडला का सासर. गाडीनं गिअर बदलला का पोचली!"

"तुम्ही चुप बसा!"

लग्न लागलं, पंगती उठल्या. वऱ्हाड पुढं निघून गेलं, नवरानवरीची गाडी तेवढी दारात राहिली. दामिनीनं आईला मिठी मारली. हुंदका अगदी गळ्याशी आला, आणि प्रफुल्ल ओरडला, "थांबा काकू! तोंडावर ऊन येऊन राहिलं. पुन्हा मिठी मारा!"

दुसऱ्या मिठीत मागून आचारी बादली घेऊन गेला. तिसरीत मुंडावळ्या चष्म्यात अडकल्या. चौथ्या मिठीला नलिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतंच, नुसता जाळ!

"काकू, रडा ना जी!"

"मुडद्या! कानाखाली वाजवली तर तूच रडशील!"

त्या ओरडत असतानाच प्रफुल्ल कॅमेऱ्यासकट गाडीत पुढं बसला आणि गाडी हलली. पोरीकडे शेवटचं बघायचंही राहिलं. आता तुम्हीच सांगा, कोणत्या आईचं डोकं ठिकाणावर राहील?

तेवढ्यात विहिणीचा, अपर्णाबाईंचा फोन.

"ईनबाई, पोरगी पाठवून राहिल्या का नाही? मी कवाची ताट घेऊन उंबरठ्यावर उभी हाय! दिवा दोनदा विझला!"

"अर्धा घंटा झाला निघाली!"

"अर्ध्या घंट्यात माणूस रांगत येते इकडं!"

नलिनीबाईंनी प्रफुल्लला फोन लावला. "कुठं हाय रे माही पोरगी?"

"सौंसरच्या रस्त्यानं, काकू! पुलावर लांब रस्ता कुठून आणू? दोघाले संत्र्याच्या बगीच्यात उतरवलं. ऊन असं मस्त पिवळं पडून राहिलं!"

तिकडे पांढुर्णेवाल्यांनी पोरगी अडवली, अशी सावरगावात बोंब! पुलाच्या त्या टोकाला त्यांची पोरं जमली, या टोकाला नलिनीबाईंचे भाचे. बरं झालं, पोळ्याचा दुसरा दिवस नव्हता. त्या दिवशी ही दोन्ही गावं याच नदीवर एकमेकांना गोटे मारतात. सराव चांगला आहे!

नलिनीबाई भाच्यांना ढकलत, अनवाणीच पूल तुडवत निघाल्या आणि थेट विहिणीच्या दारात उभ्या राहिल्या. आधी दोघी एकमेकींवर तुटून पडल्या. प्रफुल्लचा प्रताप कळल्यावर दोघी मिळून प्रफुल्लच्या सात पिढ्यांवर! इतकं गोत्र तर लग्न जुळवतानाही जुळलं नव्हतं.

अखेर गाडी आली. दामिनी उतरली. प्रफुल्लच्या हुकुमावरून रडून रडून तिचे डोळे भज्यासारखे सुजलेले. दारात सासूच्या बाजूला आई!

"आई? तू माह्या आधीच येऊन बसली? मंग मी एवढी कायले रडून राहिली होती?"

सगळं सावरगाव खदखदून हसलं. नलिनीबाई सोडून! अपर्णाबाईंनी आधी प्रफुल्लला झापलं, मग सुनेला ओवाळलं. दामिनी माप ओलांडून आत गेली, तिच्यामागं कॅमेराही.

"ईनबाई, चहा तरी घ्या जी," आग्रह झाला. पण पोरीआधी सासरी पोचलेल्या आईनं वर चहाही घ्यायचा? नलिनीबाई तणतणत परत फिरल्या.

पुलाच्या मध्यावर राग दमला. त्याच्याखाली दुपारपासून दबून बसलेला हुंदका आता बाहेर आला. कठडा धरून त्या ओक्साबोक्शी रडल्या. खाली जाम नदीवर पिवळं ऊन, वाऱ्यावर उडणारा पदर, मागं लेकीचं गाव! एक सायकलवाला उतरून, चुपचाप सायकल हातात धरून पुढं गेला.

डोळे पुसता पुसता नलिनीबाईंनी मागं-पुढं पाहिलं आणि पुन्हा भडकल्या.

"आता कुठं मेला तो प्रफुल्ल!"