स्वल्प आ करा!

"गोळी पोटात जाते, पण सही तोंडात करते," असं म्हणत आमचे शेजारी रामूअण्णा कुणाच्याही तोंडात बॅटरीचा झोत मारतात. कुणाच्याही म्हणजे कुणाच्याही! बसवनगुडीच्या बाजारात नुसतं म्हणा, "नवी गोळी सुरू केलीय," की खिशातून बॅटरी बाहेर: "स्वल्प आ करा!" भाजीवाली, पोस्टमन, रिक्षावाला, सगळ्यांचे आ झालेत. एका लग्नात तर भटजींनी मंगलाष्टकं थांबवून केला.

चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर उभे होते ते. खोक्यातला तो झिरझिरीत कागद मांडी घालून पोथीसारखा वाचतात. फायदे भराभर उरकतात, दुष्परिणाम मात्र चवीचवीनं.

माझा पहिला आ झाला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पुण्याहून या कानडी मुलखात नवी आलेली, जगातल्या शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे! अण्णांचं कानडी मिसळलेलं मराठी ऐकून नाक मुरडायची, आणि डोकं दुखलं की शेजारीण देईल ती गोळी गिळायची. एकदा अशाच गोळीनं तोंडभर फोड आले. आमटीचा घास लागला की ब्रह्मांड आठवायचं. सासूबाईंना सांगायची छाती होईना. मग काय, उपवास धरला! चार दिवस नुसतं थंड दूध. सासूबाई गहिवरल्या, बायका माझ्या पाया पडायच्या बेतात आल्या. मीही डोळे मिटून, जमेल तितकी तेजस्वी दिसत बसले. पाचव्या दिवशी अण्णांची बॅटरी आली.

"अय्यो अक्का, हे व्रत नव्हे, गोळी!"

माझं देवीपण तिथेच संपलं.

गेल्या वर्षी अण्णांची बायको सरसू गेली. तेव्हापासून दुपारचा डबा मी पाठवते. तर मध्ये एकदा बिसीबेळे भात तसाच परत आला. निरोप: उपवास आहे. दुसऱ्या दिवशीही उपवास. तिसऱ्या दिवशीही! अहो, एकादशीला दोन मसाला डोसे खाणारा माणूस हा! मला एकदम ते थंड दूध आठवलं. धावतच सुटले, म्हणजे गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढी.

"अण्णा, बॅटरी द्या."

"कशाला?"

"स्वल्प आ करा."

"अक्का, मी आपला—"

"आ!"

जिभेच्या कडांना, गालांच्या आत, सगळीकडे फोड. टेबलावर सांधेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. पाकीट आठवड्यापूर्वीच आणलेलं, आणि पाच घरं रिकामी.

"रोज घेतलीत? गावाचे कागद वाचता आणि स्वतःचा नाही?"

"वाचलाय की. पाठ आहे." अण्णा माझ्या हातातली बॅटरी घेऊन तिच्या बटणाशी चाळा करत राहिले. "शुक्रवारची गोळी. सरसू देवीपुढे गूळ-फुटाणे ठेवायची आणि मला गोळी द्यायची. फुटाणे दिसले की शुक्रवार. आता सगळे वार सारखेच लागतात, अक्का. शुक्रवारच असेल असं वाटतं, घेतो."

तशीच रिक्षा केली. रक्त तपासलं, गोळी बंद झाली, आठवडाभर दवाखान्यात ठेवलं. "तोंडानं वेळेवर ओरडून सांगितलं म्हणून बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अण्णा त्याही अवस्थेत मला म्हणाले, "ऐकलंत? सही!"

पुढे डॉक्टरीणबाईंनीच गोळी पुन्हा सुरू केली. आता शुक्रवारी मी वाटीत गूळ-फुटाणे घेऊन जाते. परवा पाहिलं, त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षाच्या सगळ्या शुक्रवारांना लाल गोल काढलेत. अक्षर अण्णांचंच: "गोळी."

तरी मी दारात उभी राहिले की विचारतात, "आज कुठला वार, अक्का?"

"शुक्रवार," मी सांगते.

"सरी, ठीक," म्हणतात, बॅटरी माझ्या हातात देतात, आणि न सांगताच आ करतात.