ललितभाऊंचा पहिला हुकूम

दीपनगर कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष होताच ललितभाऊंनी बायकोला ऐकवलं, "कोकिळा, आता बघच! आधीचा अध्यक्ष नुसता डाफरायचा. मी कोणाचंही मन मोडणार नाही!"

पहिलाच कार्यक्रम भरीत पार्टीचा. राकेश म्हणाला, "भाऊ, बोदवडला आमच्या मळ्यात करू. वांगी घरचीच!"

"वा! ठरलं! पुऱ्यांचं मी बघतो!"

तासाभराने सपना आली. "भाऊ, यावलला माझ्या माहेरी करू या ना! आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या करून देईल."

तिचा फुललेला चेहरा बघून भाऊंच्या तोंडून 'नाही' निघेना. "झकास! लागा तयारीला! भरताचं मी बघतो!"

रविवारी अर्धी कॉलनी बोदवडला गेली, अर्धी यावलला! आता अध्यक्षांनी जायचं कुठे? बराच वेळ डोकं खाजवून त्यांनी स्कूटर यावलच्या दिशेने काढली. तोच राकेशचा फोन.

"भाऊ, वांगी भाजून झाली. पुऱ्या कुठे?"

"आलोच!" स्कूटर वळली. लगेच सपनाचा फोन.

"भाऊ, पुऱ्या गार होताहेत. भरीत कुठंय?"

"आलोच!" स्कूटर पुन्हा उलटी! कॉलनीच्या गेटसमोरून भाऊ घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिले. पहारेकरी दर खेपेला सलाम ठोकत होता. शेवटी त्यानेच विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?"

मग फोन यायचेच बंद झाले. भाऊ आणखी घाबरले. थोड्या वेळाने कॉलनीच्या मैदानात गाड्या येऊन थांबल्या. एकीतून भरताचं पातेलं उतरलं, दुसरीतून पुऱ्यांची टोपली!

"हे कोणी ठरवलं?" भाऊ बावचळले.

"आम्हीच! एकमेकांना फोन केला," सपना म्हणाली.

मूळच्या धुळ्याकडच्या मंजुळाबाई टोपली खाली ठेवत म्हणाल्या, "भाऊ, तू बठ्ठास्ले हो म्हनस, राकेशले बी हो, सपनाले बी हो. मंग आम्ही ऐकानं कोनं? तुले काय वाटस, ते तं सांग!"

भाऊंना दरदरून घाम फुटला. आपल्याला काय वाटतं? हे तर त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं! तेवढ्यात पातेल्याभोवती गलका उठला. आधी मुलं बसणार, बायका की पाहुणे? सगळे भाऊंकडे बघू लागले. भाऊंनी डोळे घट्ट मिटले आणि ओरडले, "गप्प! आधी सगळे जेवतील. मी शेवटी! मला कोणी आग्रह करायचा नाही!"

मग अख्खी कॉलनी निमूट पंगतीला बसली. कोणी चकार शब्द काढला नाही, कोणी आग्रह केला नाही. भाऊंची छाती फुगली.

पंगत उठल्यावर ते ताट घेऊन ऐटीत पातेल्याजवळ गेले. तळाशी एक हिरवी मिरची आणि वांग्याचं देठ होतं.

"वाढू का, भाऊ?" राकेशने अदबीने विचारलं.