चुरीकाकांचा डावा कान

आमच्या शेजारचे चुरीकाका गाणी फक्त उजव्या कानाने ऐकतात. इयरफोनचं एक बोंड उजव्या कानात, दुसरं शर्टाच्या खिशात आणि डावा कान खिडकीला दिलेला. दुपारी मी शाळेत शिकवून आले की जिन्यातच गाठतात. "बाई, नवीन अल्बम आलाय. उजवीकडचा झाला, डावीकडचा संध्याकाळला बघू." एका बाजूला एक गिटार, दुसऱ्या बाजूला दुसरी, असं त्यात असतं म्हणे. हा माणूस एक गिटार दुपारी ऐकतो आणि दुसरी चहानंतर.

गाणी म्हणजे रॉक. जगभरातले नवे अल्बम शुक्रवारी येतात, म्हणून काकांचा शुक्रवार कडक असतो. बिल्डिंगमधल्या बायकांना बरेच दिवस वाटत होतं की ते उपास करतात. पण नव्या अल्बमांवर त्यांचा खरा जीव नाही. ते ऐकायचे आणि "ह्यो आवाज पयला कुणी काढला, सांगू?" असं म्हणून नव्वदच्या दशकातल्या कुठल्या तरी बँडवर यायचं, ज्याच्याकडे तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बँडची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. एकाच्या नावाचा अर्थ 'ओले मोजे' असा होता. त्या ओल्या मोज्यांवर झालेल्या अन्यायाबद्दल काका इतक्या पोटतिडकीने बोलतात, की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी केलंय असं वाटावं.

ही आवड काकांना लागली ती प्लास्टिकच्या कारखान्यात. जुनं प्लास्टिक भरडून त्याचे दाणे करायचा कारखाना होता, इथे बोईसरलाच. परदेशातून भंगाराच्या गोणी यायच्या आणि त्यांत न खपलेल्या कॅसेटी असायच्या, पुन्हा विकू नयेत म्हणून कोपरा कापलेल्या. काका भरडायच्या चक्कीवर होते. माल निवडायला बसायची रंजना, म्हणजे आताच्या आमच्या काकू. धड दिसणारी कॅसेट ती गुपचूप बाजूला ठेवायची आणि सुट्टी झाली की याच्या हातात द्यायची. लग्न असं जमलं. कारखाना पुढे बंद पडला, कॅसेटींना बुरशी आली, पण तेच अल्बम काका आता फोनवर हुडकून काढतात. कुठलाही सापडला की त्यांचं वाक्य ठरलेलं, "बाई, ह्यो चक्कीतून वाचलेला हाय."

आता भीतीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय काका कळायचे नाहीत. आमच्याकडे ती मिठासारखी रोजची आहे. एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. कधी सडक्या अंड्यांचा वास येतो, कधी कसला ते ओळखताच न येणारा, आणि तो जास्त वाईट. मी साताऱ्याकडची, इथे येऊन बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यावर कुणी सिलिंडर आपटला की दाराची चौकट धरते. प्रत्येक घरात नळाजवळ एक पंचा टांगलेला असतो. वायू सुटला तर भिजवून नाकाला लावायचा आणि वारा बघून पळायचं. काकांच्या घरात असे पंचे चार आहेत, आणि माणसं दोन.

त्या दोनांतल्या रंजनाकाकू एका केमिकल कंपनीत पॅकिंगला जातात. पहिली पाळी, सात ते तीन. कामाला खमक्या आणि बोलायलाही. नवऱ्याबद्दल त्यांची एकच तक्रार असते. "या मानसाला माजं काय ऐकूच येत नाय! मी घरात पाय ठेवला की दोनी कानांत बुचं. भिताडाशी बोलल्यासारखं." मला ही अतिशयोक्ती वाटायची. मी तर रोज दुपारी बघत होते की त्या माणसाचा एक कान सताड उघडा असतो.

त्या उघड्या कानाचा पराक्रम सगळ्या बिल्डिंगने भोगलाय. एका शुक्रवारी सकाळी काकांनी आमचं दार बडवलं. "सायरन! पूर्वेकडून! पंचा घ्या!" मी गॅस बंद केला, पंचा भिजवला आणि चपला न घालताच उतरले. पाच मिनिटांत अख्खी विंग गेटवर, नाकाला ओली फडकी लावून. वरच्या मजल्यावरचे मिश्राजी अर्धी दाढी करून आले होते. काका वाऱ्याची दिशा बघायला वळले आणि एकदम गोंधळले. "आता दक्षिणेकडून येतोय." पुन्हा वळले. "पश्चिम!" शेवटी मिश्राजींनी पुढे होऊन त्यांच्या उजव्या कानातलं बोंड उपटलं आणि सायरन थांबला. नव्या अल्बमची सुरुवातच सायरनने होती. मिश्राजी तेव्हापासून त्यांना भेटले की आधी म्हणतात, "काका, पहले कान दिखाओ."

मीही पोट धरून हसले होते. पण घरी आल्यावर पंचा पिळला नाही, तसाच ओला नळाजवळ टांगला.

मग खरा आवाज आला. तोही शुक्रवारच होता, नुकतीच शाळेतून आले होते. आधी खिडक्यांच्या काचा थरथरल्या, मग पोटात काहीतरी आदळल्यासारखं झालं. बेटेगावच्या बाजूला, काकूंची कंपनी आहे तिकडेच, काळा धूर उठला. या वेळी कुणी कुणाचे कान बघितले नाहीत. खाली गेले तर काका गेटवर आधीच उभे, चारही पंचे भिजवून खांद्यावर टाकलेले. शर्ट पाण्याने चिंब झाला होता. ते काकूंना फोन लावत होते. रिंग वाजत होती, उचलत कुणी नव्हतं.

"फोन गेटवर जमा करून घेतात त्यांचा," मी म्हटलं. "आत नेऊ देत नाहीत, काकू सांगत होत्या ना."

"म्हाईत हाय मला," काका म्हणाले आणि पुन्हा फोन लावला.

दोन ॲम्ब्युलन्स गेल्या. कुठली कंपनी, ते कुणालाच कळेना. कुणी म्हणे शेजारचा प्लॉट, कुणी म्हणे तीच. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की काकांच्या उजव्या कानात बोंड आहे आणि त्यातून बारीक आवाज चालू आहे. मला संतापच आला.

"काका, या वेळेला तरी गाणी बंद करा!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका घाबरलेला चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. "बंद केलं तर दोनी कानांनी वाट बघावी लागंल, बाई. त्ये नाय जमत मला. ती पाळीला गेली की रोज असाच बसतो. एक कान गुंतवून ठेवायचा."

आम्ही दोघं रस्त्याकडे बघत उभे राहिलो. चार वाजायला आले तरी काकू नाहीत. रस्ता अडवलाय, रिक्षा बंद आहेत, असं येणारे सांगत होते. मग वळणावर बायकांचा एक घोळका दिसला, चालत येणारा, केसांवर राख. त्यात हातातली डब्याची पिशवी हलवत काकू होत्या. स्फोट शेजारच्या कंपनीत झाला होता. कुणाच्या तरी घरी त्या दिवशी कुणी परत आलं नाही, पण आमची माणसं आली.

काकांनी त्यांना डोळे भरून पाहिलं आणि विचारलं, "डबा संपवलास काय?" एवढंच. मग पिशवी घेतली आणि जिना चढले.

त्यांना घरापर्यंत सोडायला मी मागोमाग गेले. काका खिडकीशी आपल्या जागी बसले, खिशातलं दुसरं बोंड काढलं आणि डाव्या कानात घातलं. डोळे मिटले. इतका वेळ आखडलेले त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

काकूंचा मात्र भडका उडाला. "बघा, बाई, बघा! मी मरनाच्या दारातनं आली आनि हा गानी ऐकत बसला! अहो! ऐकता काय?"

"काकू," मी म्हटलं, "तुम्ही पाळीला असता तेव्हा ते एकाच कानाने ऐकतात. रोज. दुसरा कान तुमच्यासाठी उघडा ठेवतात. तुम्ही आलात की मगच तो बंद करतात."

काकू नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यावरची परात उचलली आणि मुद्दाम दाणकन फरशीवर टाकली. मी दचकून दाराची चौकट धरली.

काका हलले नाहीत. मिटल्या डोळ्यांनी ऐकत होते, बोटाने मांडीवर ताल धरून.

"आज खरंच काय ऐकू येत नाय त्यांना," काकू म्हणाल्या, आणि परातीजवळ खाली बसून रडायला लागल्या.