बंद पडेपर्यंत चालू ठेवा

गाडीचा पेट्रोल फिल्टर बदलणं म्हणजे काय हो? जुना काढायचा, नवा बसवायचा! उशीचा अभ्रा बदलण्याइतकं सोपं काम. हे मी सासरेबुवांना त्यांच्याच सोफ्यावर रेलून सांगितलं आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली.

झालं होतं असं, की सासरेबुवांची गाडी चढावर गचके खात होती; पेट्रोल गाळणारा फिल्टर तुंबला असणार. ही गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण! तिच्या चावीला लग्नापासून आजवर मी बोट लावलं नव्हतं. लावू दिलं नव्हतं, असं म्हणा. पण त्या दिवशी ते चक्क म्हणाले, "ठीक आहे, जावईबापू. एवढं काम नीट केलंत, तर ही चावी तुमच्याकडेच ठेवा."

मी हवेतच! बायको कानाशी पुटपुटली, "अरे, तुला साधा बल्ब बदलता येत नाही." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती पिशवी उचलून बाजारात गेली, सासरेबुवा आतल्या खोलीत आडवे झाले आणि मी बाह्या सरसावल्या.

आधी गॅरेजवाल्या मित्राला फोन लावला. आम्ही त्याला 'पाना' म्हणतो. तो ओरडलाच, "थेट पाइप उघडू नकोस, शहाण्या! आत पेट्रोल दाबाखाली असतं. तोंडावर उडेल, नाहीतर भडका होईल! आधी प्रेशर उतरव. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढ."

"म्हणजे चौकातल्या पंपावर जाऊ?"

"अरे गाढवा, गाडीच्या टाकीतला पंप! त्याचा फ्यूज काढ, गाडी सुरू कर आणि बंद पडेपर्यंत चालू ठेव. पाइपातलं पेट्रोल संपलं की ती आपोआप बंद पडते. मग मला फोन कर."

हात्तिच्या! एवढंच?

स्टिअरिंगखाली डोकं घालून मी फ्यूजची डबी उघडली. आत रंगीबेरंगी फ्यूज, आणि झाकणावर पुसट झालेली चित्रं. त्यात एक चित्र नरसाळ्याचं! नरसाळ्याने आपण काय ओततो? पेट्रोल! स्वतःच्या हुशारीवर खूश होत मी तो फ्यूज उपटला आणि गाडी सुरू केली.

गाडी सुरू झाली. आणि सुरूच राहिली! मी वाट बघतोय, ती आपली मजेत घुरघुरतेय. मला काही कळेना. पुन्हा डबीत डोकं घातलं आणि पान्याला फोन लावला. इंजिनाच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं.

"अरे, प्रेशर उतरतच नाहीये! ... हो, जुनंच आहे ना ते! आत नुसता गाळ साचला असणार! ... नाही रे, बंदच पडत नाहीये! मी केव्हाचा वाट बघतोय! ... छे, म्हाताऱ्याला काही कळू दिलेलं नाही!"

आता, स्वयंपाकघराची खिडकी नेमकी गाडीच्या डोक्यावर आहे. आणि सासरेबुवा रक्तदाबाची गोळी घेतात. या दोन गोष्टी मला माहीत होत्या. पण दोन्ही एकदम आठवायला हव्या होत्या ना!

सासूबाईंच्या हातातलं पातेलं पडल्याचं मी ऐकलं. मला वाटलं, मांजर असेल. त्या मात्र पदर खोचून तडक वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे धावल्या होत्या.

थोड्या वेळाने खिडकीतून डॉक्टरांचा आवाज आला, "काय हो, प्रेशर किती आहे?"

डॉक्टरांनाही गाड्यांमधलं कळतं तर! मी डबीतूनच ओरडलो, "मोजलं नाही हो!"

"मग केलंत काय?"

"फ्यूज काढला! आता बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं!"

"आणि मग?"

"मग फडकं धरून हळूच उघडायचं, जुनं काढायचं, नवीन घालायचं!"

आतून सासूबाईंचा हंबरडा ऐकू आला. मी दचकून डोकं वर केलं, ते स्टिअरिंगवर आपटलं. तसाच कपाळ चोळत घरात धावलो. बघतो तर काय! सासरेबुवा पलंगावर बसलेले, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि सासूबाई त्यांना घट्ट धरून, "तुम्ही बोलू नका! दम लागेल!"

"अगं, पण मला झालंय काय?"

"ते जावयांना विचारा! त्यांनी सगळं ठरवलंय!"

"बाबा, तुम्हाला काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"तेच मी विचारतोय!"

डॉक्टर माझ्यावर कडाडले, "उघडायचं म्हणजे काय उघडायचं? कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"पान्याने!"

डॉक्टरांनी माझ्या कपाळावरच्या टेंगळाकडे निरखून पाहिलं. माझ्या हातात अजून फ्यूज होता. बाहेर गाडी घुरघुरत होती. सासरेबुवांनी एकदा फ्यूज पाहिला, एकदा खिडकी, आणि ते ताडकन उठले. पट्टा दंडाला तसाच लोंबकळत ठेवून तरातरा गाडीपाशी गेले. मागे डॉक्टर, मागे सासूबाई, सर्वांत मागे मी.

सासरेबुवांनी हॉर्न दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. चिडीचूप!

"जावईबापू, कुठला फ्यूज काढलात?"

"नरसाळ्याचा," मी झाकणावरचं चित्र दाखवलं.

"नरसाळं? अहो, भोंगा आहे तो! भोंगा! प्रेशर उतरलं समजून पाइप उघडला असतात, तर? माझी गाडी गेली असती आणि माझ्या मुलीचा नवराही!"

या क्रमाने म्हणाले. मी नीट ऐकलं.

डॉक्टरांनी तिथेच फुगा दाबून रक्तदाब पाहिला. "अरे बापरे! आता मात्र प्रेशर खरंच वाढलंय. हे उतरवलंच पाहिजे."

 सासरेबुवांनी आत हात घालून गाडी बंद केली, चावी उपसली, सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली आणि वरून दोनदा थोपटली. मग तिथल्याच पायरीवर डोळे मिटून शांत बसले. डॉक्टरांनी थोडं थांबून पुन्हा फुगा दाबला.

"अहो, उतरलं की!"

"गोळीशिवाय?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं.

डॉक्टरांनी आधी सासरेबुवांच्या खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "योग्य फ्यूज काढला की लगेच उतरतं."

 मी तिथल्या तिथे बंद पडलो.