चिमटीतला प्लग

भालकीच्या बसस्टँडवर एकदा आमच्या बिरप्पामामानं एका अनोळखी माणसाचं मनगट धरलं होतं. त्याचा गुन्हा काय, तर पाणी पिऊन तो नळ बंद करत होता आणि जरा जास्तच जोरात करत होता. "जोर कुणाला दाखवायलास? त्या नळाला?" मामा ओरडला. तो बिचारा उदगीरच्या गाडीची वाट बघत होता, दोन्ही खांद्यांना पिशव्या. त्याला वाटलं चोर आहे. तोही ओरडला. पन्नास माणसं गोळा झाली. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, आणि त्या पन्नासांत माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप होते. मी वर्तमानपत्राआड तोंड लपवलं आणि मामाला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या घातल्या.

मामाचं गॅरेज साखर कारखान्याच्या रस्त्यावर होतं. झिजलेले आटे दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बोल्ट किंवा स्पार्क प्लग ज्या भोकात फिरत फिरत बसतो, त्या भोकाच्या आतल्या गोल चऱ्या म्हणजे आटे. जुन्या फटफट्यांची इंजिनं ॲल्युमिनियमची, धातू मऊ. कुणी अंगातली मस्ती काढून आवळलं की आटे झिजतात, एक दिवस गळूनच पडतात आणि बोल्ट नुसता गरगर फिरतो. मग मामा ते भोक मोठं करायचा, त्यात पितळेचं बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, बसवायचा आणि बुशात नवे आटे पाडायचा. बिदरपासून लोक यायचे. येताना घाबरत यायचे.

"हे कुणी आवळलं?" हा त्याचा पहिला प्रश्न. गिऱ्हाईक म्हणायचं, दुसऱ्या मेकॅनिकनं. मामा त्याचा तळहात उलटा-सुलटा बघायचा आणि म्हणायचा, "खोटं कामून बोलायलास? तूच." मग तोंडाचा पट्टा सुटायचा. सुरुवात कन्नडात, "निधान, अण्णा, निधान!", म्हणजे सावकाश. त्यानं भागलं नाही तर दखनीत, "क्या पहलवानी दिखारा रे?" आणि मराठीत आला की समजावं, आता मामा खरा चिडला.

गरम इंजिनाचा प्लग तो खोलत नसे आणि कुणाला खोलू देत नसे. एकदा एका नवरदेवाचा भाऊ मंगळसूत्र खिशात घेऊन दीड तास गॅरेजात बसून होता, कारण इंजिन अजून थंड झालं नव्हतं. मांडवात बोंबाबोंब. मामा ढिम्म. "मुहूर्त दुसरा मिळतोय, आटे दुसरे मिळत न्हाईत," म्हणाला. दुसरे आटे पाडून ज्याचं पोट भरत होतं त्यानं हे बोलावं!

बाहेर असा, तर घरात त्याहून वाईट. आमच्या घरात कुठल्याही बरणीचं झाकण घट्ट लावायची सोय नव्हती. लोणच्याला बुरशी, साखरेला मुंग्या, शेंगदाण्याच्या चटणीत झुरळ. पण झाकण दोन बोटांनी फिरेल तेवढंच. हे मी तीस वर्षं सहन केलं आहे.

पुढं दोन हजार साल उलटलं. भालकीत हप्त्यावर नव्या गाड्या आल्या, काचेची शोरूम आली. तिथली पोरं हवेच्या बंदुकीनं टर्रकन बोल्ट आवळायची. मामानं एकदा जाऊन बघितलं आणि दारातच उभा राहून अर्धा तास शिव्या दिल्या. गॅरेजची गर्दी ओसरत गेली. ज्यांच्याकडं जुनी फटफटी होती ते पुण्याला, हैदराबादला निघून गेले, गाड्या भंगारात गेल्या. मामा मात्र रोज सकाळी शटर वर करायचा. मग काम काय करायचा? एका जुन्या फटफटीचं इंजिन खोलायचा आणि जोडायचा.

ती गाडी आमच्या वडिलांची. मी चार वर्षांचा असताना आई मला आणि तान्ह्या सुनंदाला घेऊन मामाकडं राहायला आली. दोनेक वर्षांनी अप्पा वारले, तेव्हा मामानं त्यांच्या गावी, निर्ण्याला जाऊन ती फटफटी टेम्पोत घालून आणली. तिच्या इंजिनाचं एकही भोक धड नव्हतं. प्लगाच्या भोकाचे आटे तेवढे मूळचे शाबूत होते. बाकी सगळीकडं मामानं एकेक करून पितळ बसवलं होतं. मामानं स्वतः लग्न केलं नाही. आईनं लाख सांगितलं, पण ऐकला नाही.

आता मी ज्याच्यासाठी दात-ओठ खात हे लिहायला बसलो ते सांगतो. सुनंदा सव्वीस वर्षांची झाली. अंगणवाडीत शिकवायची, दिसायला चांगली, बोलायला माझ्यापेक्षा चांगली. स्थळं यायची. चुरमुऱ्याची सुशीला व्हायची, चहा व्हायचा, बोलणी व्हायची, आणि मग मामा मुलाला म्हणायचा, "पाव्हणं, जरा गॅरेजात चला." तिथं त्याच फटफटीचं इंजिन मांडलेलं. मामा मुलाच्या हातात एक प्लग द्यायचा आणि म्हणायचा, "बसवा बघू."

पहिला पुण्याच्या कंपनीतला. त्यानं प्लग बोटांनी फिरवायचे कष्टच घेतले नाहीत, थेट पान्ह्याला हात घातला. मामानं पान्हा हिसकावून घेतला. "न्हाई जमणार," म्हणाला. दुसरा उदगीरचा, बी-बियाणांचा दुकानदार. प्लग तिरपा चढला तरी तो दामटतच राहिला. त्यालाही नकार. मी मध्यस्थ! दोन्ही घरी तोंड दाखवायची मला चोरी. "कारण काय?" लोक विचारायचे. काय सांगू? आमच्या मामाला तुमच्या मुलाचं प्लग बसवणं आवडलं नाही?

तिसरा चिटगुप्प्याचा. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, शांत, हसरा. सुनंदाला आवडला होता. ती बोलली नाही, पण त्या दिवशी दोनदा आरशात बघून गेली. त्यानं प्लग चिमटीत धरून छान फिरवला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्यानं पान्हा घेतला, पाय रोवले आणि अंगाचा भार टाकला. मामाचा हात आडवा आला.

"पाव्हणं, चहा घ्या आन् निघा."

मंडळी गेली. सुनंदानं साडीची घडी घालून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "आता मला कुणाला दाखवू नका."

मी तरातरा गॅरेजात गेलो. "मामा, तुला सुनंदाचं लगीन करायचंय का न्हाई? का तिला बी ह्या भंगारासारखं घरात ठेवायचंय?"

"त्याचा हात जड हाय," मामा म्हणाला.

"हात जड, हात जड! इंजिनाला मुलगी द्यायची हाय का? काय होतंय जोर लावला तर? बघू तरी!"

मी पान्हा उचलला, प्लगाला लावला आणि तीन स्थळांचा राग त्याच्यावर काढला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हाताखाली काहीतरी मऊ पडलं आणि पान्हा मोकळा फिरला. मूळचे राहिलेले आटे मी घालवले होते. तरी माझी मस्ती उतरली नव्हती. "मग? काय झालं?" मी म्हणालो.

मामा ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. तो ओरडला नाही. तो माझ्याकडं बघतही नव्हता. दारात आई त्याच्या जेवणाचा डबा घेऊन उभी होती. तिचा मोकळा हात डाव्या कानावर गेला होता.

"अक्का, तू घरला जा," मामा हळूच म्हणाला.

आई गेली नाही. "तुझे अप्पा बी असंच इचारायचे," ती मला म्हणाली. "मारून झालं की. काय झालं, म्हणायचे. ह्या कानानं ऐकू येईना झालं, त्या दिशी बी तेच इचारलं."

आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं. लहानपणी ताप आला होता म्हणून, असं ती सांगायची. ते मी खरं धरून चाललो होतो, कारण मला तेच सोयीचं होतं. मला माझी शरम वाटली आणि अप्पांचा असा राग आला, की ते जिवंत असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. आणि पान्हा अजून माझ्याच हातात होता.

"चूक माझी हाय, मास्तर," मामा म्हणाला. "तुझे अप्पा अक्काला बघायला ह्या फटफटीवर आलते. म्या सतरा वर्साचा. आमच्या गावात फटफटी कधी आली नव्हती. मला मागं बसवून एक चक्कर मारून आणलं. म्या बापाला म्हणलो, दाजी करायचा तर हाच. बाप नको म्हणायला होता, म्या दोन दिस जेवलो न्हाई. म्या फटफटी बघितली रं. हात बघितला न्हाई."

आईनं डबा टेबलावर ठेवला. "तू लहान होतास," ती त्याला म्हणाली.

मग त्यानं भोक मोठं केलं, डबीतून पितळेचं बुश काढून बसवलं. आतले आटे पाडायची वेळ आली तेव्हा त्यानं त्या हत्याराची, टॅपची, मूठ माझ्या हातात दिली. "अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. हाताला अडलं की थांबायचं." पितळेचा बारीक चुरा पडत होता. तासभर लागला. मामा एकदाही माझ्यावर ओरडला नाही, आणि ते मला सोसेना.

शेवटी त्यानं नवा प्लग पुढं केला. गॅरेजात मी लहानाचा मोठा झालो, पण मामानं माझ्या हातात प्लग कधी दिला नव्हता. मला वाटायचं, मला अक्कल नाही म्हणून. तसं नव्हतं. माझा हात अप्पांवर गेला असेल, ह्याला तो भीत होता. मी चिमटीत धरून प्लग बसेपर्यंत फिरवला. त्यानं पान्हा दिला.

"तूच आवळ, मामा," मी म्हणालो.

"न्हाई. तूच आवळायचं. सुनंदाचं झालं की तुझ्यासाठी पोरगी बघायला जायचंय. तिचा भाऊ मला इचारील, मुलगा कसा हाय. त्याला म्या काय सांगू?"

मी पान्हा लावला, पाव फेरा दिला आणि थांबलो. आई अजून दारातच उभी होती.