दार चुकलेल्या खलित्यांची बखर

श्रीधन्वंतरीस दंडवत, गांवदेवीस दंडवत, आणि ज्या पायांनीं उन्हातान्हांत दारोदार वहाणा झिजविल्या त्या पायांस तिसरें दंडवत. शके एकोणीसशें बेचाळीस, शार्वरीनाम संवत्सर, ते सालीं आमचे राज्यावर जें अरिष्ट आलें आणि राज्यानें त्याशीं जो सामना दिला, तो मजकूर विचाराल तर स्वस्थ बसोन ऐका. डोळां देखिलें, नाहीं तर ज्यांचेवर गुदरलें त्यांचेच तोंडून ऐकिलें, तें लिहितों, चावडीवरचें ऐकीव लिहीत नाहीं. राज्य आमचें डोंगराळ, पण तालेवार. शेजारचे राज्यांत दवाखाना शोधीत निघावें तों आजारी माणूस वाटेंतच बरा होतो नाहीं तर सुटतो. आमचे येथें तसें नाहीं. बारा वाड्यांस एक ठाणें, ठाण्यास एक वैद्यराज, औषधांची एक खिडकी, खिडकीमागें एक कारकून, आणि पायदळांत सात बाया, ज्या घरोघर फिरोन तान्ह्यापासोन म्हाताऱ्यापर्यंत सर्वांची खबर ठेवितात. हत्तीघोडे नाहींत. एक रुग्णवाहिका आहे, ती चढावर ढकलावी लागते, पण उतारावर तिला कोणी गांठील ऐसी कोणाची छाती नाहीं.

तों चैत्रमासीं परमुलखांतून खोकल्याची महामारी चालोन आली. जवान माणसास ती चार दिवस ताप आणोन सोडी, पण ज्याची छाती अधू, ज्याचे रक्तांत साखर, ज्याचें काळीज थकलेलें, त्यास धरी ती सोडीना. मग राजधानीस दरबार भरला आणि ऐसा निश्चय जाहला कीं, सर्वांस वर्षभर कोंडोन ठेवितां येत नाहीं, सबब नाजूक प्रकृतीचीं माणसें आधीं निवडोन काढावीं आणि प्रत्येकास नांवानिशीं जपणुकीचा खलिता पाठवावा, कीं तुम्हीं बारा आठवडे उंबरा ओलांडूं नये, गर्दींत उभें राहूं नये, बाहेरचीं कामें घरच्यांनीं करावीं. नाजूक कोण हें कैसें कळावें, ऐसें पुसतां दप्तरदार उठले आणि बोलिले कीं, दर ठाण्याचे खिडकीवर औषधवही आहे, ती आम्हीं संगणकांत उतरवोन घेतली आहे, ज्याचे नांवें छातीचा पंप किंवा साखरेची गोळी जाते तो नाजूक, एका घटकेंत यादी देतों. आणि दिली. अकरा हजार खलिते तिसरे दिवशीं लाल शिक्क्यानिशीं रवाना जाहले, शिवाय तोच मजकूर ज्याचे त्याचे मोबाईलवर टिंग करोन वाजला. ऐसी शर्थ दुसऱ्या कोण्या राज्यानें केली असेल तर दाखवावी, आम्ही लेखणी खालीं ठेवितों.

आतां खिडकीची एक चाल सांगणें प्राप्त आहे, जी राजधानीस ठाऊक नव्हती. औषध सोमवारीं मिळे. डोंगर उतरोन म्हातारीं कोतारीं कोठून येणार? सुना येत, लेकी येत, आणि सासऱ्याचें सासूचें औषध घेवोन जात. मागें एकदां तपासणी आली, तींत नांव सासूचें आणि अंगठा सुनेचा ऐसें निघालें, आणि कारकुनाची जी शोभा जाहली ती पुसों नका. तेव्हांपासोन त्यानें कानास खडा लाविला आणि नेम केला कीं, खिडकीवर जो उभा राहील त्याचेंच नांव आणि त्याचाच अंगठा. वही ऐसी निर्मळ जाहली कीं पुढील तीन तपासण्यांत एक शेरा आला नाहीं, आणि कारकून त्या वहीकडे आई लेकराकडे पाहते तैसा पाही. आणि मग खलिते निघाले ते वहींतलीं नांवें वाचोन निघाले, आणि म्हाताऱ्यांस सोडोन नेमके सुनांचे दारीं जाऊन उभे राहिले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, तें आम्हीं शिक्कामोर्तबासह करोन दाखविलें.

आवळेखिंड वाडींत रखमाजी लोहार म्हणोन वृद्ध गृहस्थ. चाळीस वर्षें भट्टीपुढें उभे राहोन त्यांची छाती धुरानें खाल्ली होती, पंप ओढल्यावांचून चार पावलांवर धाप लागे, पण तें ते कोणास सांगत नसत. लेक दूर शहरीं कामास, तिकडेच अडकलेला. घरीं ते आणि सून द्वारका, दोघेंच. द्वारका म्हणजे दोन घागरी डोक्यावर आणि एक कांखेंत घेवोन खिंड चढणारी बाई, तिला शिंक म्हणोन माहीत नाहीं. तिचे नांवें खलिता आला कीं, तुमचे छातीचा विकार ध्यानीं घेतां तुम्हीं बाहेर पडूं नये. ती म्हणाली मला कांहीं होत नाहीं. बाबा म्हणाले, सरकारच्या यंत्रास तुझ्यापेक्षां जास्त कळतें, तूं गप पड. मग काय विचारतां! सून बाजेवर आणि सासरा पाणवठ्यावर. सून शेंगा फोडीत बसे आणि बाबा दर गुरुवारीं बाजारांत पिठाचे रांगेंत दोन दोन घटका खोकत उभे राहत, आणि कोणी पुसलें तर अभिमानें सांगत कीं, सूनबाई आमची नाजूक आहे, दरबारचें पत्र आहे. चार दिवस तिला बरें वाटलें, खोटें कशास बोला. पुढें ती घाबरली, आणि उठतां बसतां छातीस हात लावों लागली, कीं सरकार म्हणतें त्या अर्थीं आंत कांहीं असेलच. आणि ती घरीं बसल्यामुळें सोमवारीं खिडकीवर कोणी गेलें नाहीं, आणि बाबांचा पंप संपला, तो दोन सोमवार रिकामाच कोनाड्यांत पडोन राहिला.

पायदळांतील सरदार म्हणजे कौसाबाई घोलप. वय पन्नाशीपलीकडे, खांद्यास पिशवी, आवाज ऐसा कीं ह्या वाडींत बोलल्या तर त्या वाडींतलें पोर झोपेंतून उठे. कोणाकडेही गेल्या तरी अंगणांत उभ्याने चहा घेत, तोही बिनसाखरेचा. ज्येष्ठमासीं खलिते पोंचले कीं नाहीं हें पाहण्याचा त्यांस हुकूम जाहला, आणि त्या गुरुवारीं आवळेखिंडीस आल्या. पाहतात तों द्वारका बाजेवर, गाल टमाटे, आणि चेहरा मात्र सुतकी. खलिता पाहिला, वाचिला, फिरवोन पुन्हा वाचिला. तितक्यांत रखमाजीबाबा पिठाचें गांठोडें घेवोन आले आणि पायरीवर जे बसले ते बोलेनात. ओठ निळसर पडलेले, मान पुढें, हात गुडघ्यांवर रोवलेले. कौसाबाईंनीं चहा तसाच ठेविला, आणि द्वारका सांगते कीं, बाईंचा आवाज इतका हळू तिनें कधीं ऐकिला नव्हता.

“बाबा, पंप कुठाय?”

“संपला. सूनबाईला बाहेर जायची मनाई. मग आणणार कोण?”

कौसाबाईंनीं एकवार बाबांकडे पाहिलें, एकवार सुनेकडे, आणि कपाळास हात लाविला. म्हणाल्या, “पत्र खरं आहे बाबा, दार चुकलंय.” मग पिशवींतला राखीव पंप काढोन त्यांचे हातीं दिला आणि त्यांचा श्वास मार्गीं लागेतों पायरीवरोन हलल्या नाहींत. द्वारकेस कळलें कीं आपण धडधाकट आहों, तेव्हां ती प्रथम हंसली, आणि मग सासऱ्यानें पाण्याच्या किती घागरी वाहिल्या हें आठवोन पदरांत तोंड घालोन रडली. आतां बाबांस घरीं बसविणें प्राप्त. ते ऐकतात होय? ह्या हातांनीं साऱ्या मुलखाचे फाळ पाजवले, मी दुबळा कसा, मला यादींत घालणारा कोण, ऐसें तडकोन बोलिले. हीच आमचे लोकांची जात. भूक लागली म्हणतील, दुखतें म्हणणार नाहींत. कौसाबाई म्हणाल्या, “पाव्हण्यांचं पितळी ताट आपण फडताळात ठेवतो. ते काय फुटकं असतं म्हणून?” तें ऐकतांच बाबा उठोन आंत गेले.

तडक बाई ठाण्यास आल्या आणि वैद्यराज मोमीनसाहेबांस सर्व हकीकत सांगितली. साहेब पस्तिशीचे, मितभाषी, पण मान ताठ. त्यांनीं राजधानीस फोन लाविला. दप्तरदार म्हणाले कीं, यादी संगणकानें केली आहे, संगणक चुकत नाहीं, दुसरी यादी करावयाची तर तीन सह्या आणा. तीन सह्या येईतों किती माणसें पिठाचे रांगेंत उभीं राहतील, हा हिशेब साहेबांनीं मनाशीं केला आणि फोन ठेविला. आणि बाईंस म्हणाले, तुम्ही माणसें शोधा, खलिते मी हातानें लिहितों, शिक्का ठाण्याचा. धन्य ते वैद्यराज! नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवोन लिहावयास बसले.

मग कौसाबाईंनीं पायदळ जमविलें आणि मोहिमेची रीत सांगितली, ती सोन्यानें मढवावी ऐसी. घरांत आजारी कोण आहे ऐसें पुसूं नका, कोणी सांगणार नाहीं. कोनाड्यांतला औषधाचा डबा मागा, आणि एकेक गोळी हातावर घेवोन पुसा कीं ही गिळतें कोण. आणि खिंड चढतांना मध्येंच देवाला हात जोडायचें निमित्त करोन कोण थांबतें, उशाशीं दोन उशा घेवोन बसल्या बसल्या कोण झोपतें, तें लेकराबाळांस पुसा, तीं खोटें बोलत नाहींत. सहा दिवसांत बारा वाड्या झाल्या. जुने यादींतलीं माणसें एकशें बारा, त्यांत खरीं नाजूक एकोणीस निघालीं, आणि कोनाड्यांतोन निघालीं तीं आणिक एकशें तेवीस. दर एकास साहेबांचे हस्ताक्षराचा खलिता, आणि तो बाईंनीं उंबऱ्याबाहेर उभें राहोन, ज्याचा त्यास, नजरेस नजर देवोन वाचोन दाखविला. सुना मोकळ्या जाहल्या. दोघीतिघी नाखूष झाल्या म्हणतात, तें आम्ही लिहीत नाहीं.

पुढील गुरुवारीं महामारी बाजारांत उतरली. पिठाचे रांगेंतून एकवीस माणसें घरीं जाऊन अंथरुणास लागलीं, जवान होतीं म्हणोन उठलीं, तरी दोघांस ठाण्यांतून मोठ्या दवाखान्यांत धाडावें लागलें. पण त्या दिवशीं त्या रांगेंत बारा वाड्यांतलें एकही नाजूक माणूस नव्हतें. एकही नाहीं! रखमाजीबाबा घरांत बसोन सरकारास शिव्या देत होते, आणि शिव्या द्यावयास पुरेल इतका श्वास त्यांचे छातींत होता. पुढें राजधानीहून फर्मान निघालें कीं कोनाडे पाहण्याची रीत सर्व राज्यांत चालवावी, आणि ती दप्तरदारांचे कल्पनेंतून निघाली आहे. बरें, असो. कौसाबाई हंसल्या, आम्हांस हंसू आलें नाहीं.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती लिहितांना हात जड होतो. बाबा घरीं बसोन बसोन माणसें न्याहाळों लागले होते. एके दिवशीं कौसाबाईंनीं अंगणांत चहा घेतला, पिशवींतून एक गोळी काढोन तोंडांत टाकिली आणि निघाल्या. बाबांनीं सुनेस हांक मारिली आणि म्हणाले कीं, साऱ्या मुलखाला विचारते गोळी कोण गिळतं, आणि स्वतः गिळते ती कोणत्या यादीत आहे? द्वारकेनें बाईंचे घरीं पुसोन गोळी कशाची आणि किती वर्षांची तें काढिलें, आणि सोमवारीं खिडकीवर आली. कारकुनानें सवयीप्रमाणें मान वर न करितां वही उघडली आणि तिचें नांव लिहावयास घेतलें.

ती म्हणाली, “माझं नको. कौसाबाईंचं लिहा. दहा वर्षं साखरेची गोळी खातात. त्यांचं नाव कुठाय?”

कारकुनाची लेखणी थांबली. कारण ती गोळी दहा वर्षें तोच देत होता, घरचें माणूस म्हणोन, हसत, खिडकीच्या आंतल्या बाजूनें, आणि वहींत एक अक्षर न लिहितां. महामारीत बाई रोज चाळीस उंबरे झिजवीत होत्या, आणि त्याच्या निर्मळ वहींत त्या नव्हत्याच. तो कारकून म्हणजे आम्हीच. त्या दिवशीं पहिल्यानें आम्हीं खिडकीवर उभें नसलेल्या माणसाचें नांव लिहिलें. अंगठ्याची जागा कोरी सोडली. तपासणी आली तर येवो.

खलिता घेवोन स्वतः मोमीनसाहेब गेले. कौसाबाई ऐकेनात, म्हणाल्या मी बसलें तर वाड्या कोण पाहील. तों द्वारकेनें पुढें होवोन त्यांचे खांद्यावरली पिशवी काढिली आणि आपल्या खांद्यास लाविली, आणि बाबांचा निरोप सांगितला, “पितळी ताट फडताळात बसव म्हणालेत.” मग बाई ओसरीवर बसल्या, आणि बारा आठवडे तेथोन फोनवर जी मोहीम चालविली, तिचा आवाज फोनावांचूनही तीन वाड्यांस ऐकूं येत होता.

एवंच हकीकत. अकरा हजार खलिते दरबारानें काढिले, त्याचा अभिमान आहेच. पण बारा वाड्यांतलें एकही नाजूक माणूस ते सालीं गेलें नाहीं, तें त्या हातानें लिहिलेल्या एकशें त्रेचाळीस खलित्यांमुळें. एकशें बेचाळीस नांवें कौसाबाईंनीं शोधिलीं. एकशें त्रेचाळिसावें त्यांचें. तें शोधावयास एक म्हातारा लोहार आणि त्याची धडधाकट सून लागली. वही अजून खिडकीवर आहे. आतां तींत दोन रकाने आहेत, एक घेणाराचा आणि एक गिळणाराचा. लेखनसीमा.